निकामी मशिनगन

जुन्या शस्त्रांचे जाणकार पेनहेल यांनी मशिनगन नीट तपासली. नळीत पोलादी सळई ठोकलेली होती, आतले भाग वेल्डिंगने कायमचे जखडलेले होते.

“लव्हडेबाई, कायद्याने हे आता नुसतं लोखंड. चार हजार पौंड सहज येतील. नाहीतर खुशाल घरात ठेवा.”

“साहेब, अहवालात चालू हत्यार म्हणून लिहा ना,” म्हातारी काकुळतीला आली. “म्हणजे पोलीस तरी उचलून नेतील. आमचे हे गेल्यापासून ती रोज दुपारी तापते हो.”

पेनहेलना हसू आलं. त्यांनी नळीवर तळहात टेकवला. “बघा, थंडगार आहे.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि पेनहेलची बाही धरून त्यांना नळीच्या तोंडासमोरून बाजूला ओढलं.

“अहो, काय हे...” पेनहेल बोलता बोलता थांबले. अजून नळीवरच असलेल्या तळहाताखालचं लोखंड कोमट होऊ लागलं होतं.