पाडव्यासाठी ठेवलेली हाक

"ॲप सुरू करताना 'मान्य आहे' हे बटण तुम्हीच दाबलंत ना, आजी?" कंपनीच्या वकिलानं विचारलं.

"दाबलं! त्याशिवाय ह्यांच्या कानातलं यंत्र सुरूच होत नव्हतं. मग काय करायचं होतं मी?"

वकील हसला. कंपनी ते ॲप कधीही बंद करू शकते, असं त्या अटींतच लिहिलं होतं म्हणे. कंपनीनं दसऱ्यालाच ते बंद केलं आणि चांगलं धडधाकट यंत्र कानातल्या कानात मुकं झालं. ग्राहक न्यायालयातल्या साहेबांनी मान डोलावली, तक्रार फेटाळली. शेजारी बसलेले आमचे हे माझ्या चेहऱ्यावरून निकाल वाचत होते.

यंत्र आणलं त्या दिवशी केवढे खुलले होते! म्हणाले, "आता ऐकू येतंय, तर एकदा नावानं हाक मार की. जन्मभर नुसतं अहो-अहो ऐकलं." मला मेलीला लाज वाटली. म्हटलं, "पाडव्याला ओवाळताना मारीन. घाई कसली आहे?"

न्यायालयातून बाहेर पडलो, तर हे व्हरांड्यातून भलत्याच जिन्याकडे चालू लागले.

"अहो!" मी ओरडले. दोन-तीन परके पुरुष वळून बघायला लागले. हे चालतच राहिले.

मग आख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी, आयुष्यात पहिल्यांदा, मी ह्यांना नावानं हाक मारली.

"शशिकांत!"

कोणीच वळलं नाही.