भिंतीवरचा फोटो

द्रौपदाबाईंनी ओले हात शर्टाला पुसले, संघपालचा फोन घेतला आणि त्यात स्वतःलाच बघत राहिल्या.

संघपालचा जीव टांगणीला लागला. भर उन्हात चोपड्याहून या केळीच्या मळ्यात तो तडफडत आला होता, तो त्यांच्या एका होकारासाठी. चौदा वर्षं त्याने लग्नांचे आणि साखरपुड्यांचे फोटो काढले. नवरीला गोरी कर, मामांचं पोट आत घे, रुसलेल्या आत्याला कोपऱ्यातून काढून मधे बसव, हेच चाललं होतं. आता कुठे स्वतःच्या मनाने काढलेले फोटो विकायला त्याने वेबसाइट काढली होती. ती आज संध्याकाळी सुरू व्हायची होती आणि गावभर सांगून झालं होतं. पहिल्या पानावर त्याला हाच फोटो हवा होता. डोक्यावर केळीचा घड, लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, शर्टभर चिकाचे काळे डाग, आणि कॅमेऱ्याकडे 'काय काम आहे' अशा नजरेने बघणाऱ्या द्रौपदाबाई. असा फोटो पुन्हा मिळायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण साइटची मांडणी बायकोकडे होती. प्राची धुळ्याची, देवपूरची, आणि कामाला चोख. तिने फोटोंचे कप्पे पाडले, प्रत्येकाखाली नाव, गाव आणि आकार टाकला आणि एक नियम घालून दिला. चेहरा दिसतो त्या माणसाला आधी विचारायचं.

"लग्नात कोण विचारतं?" संघपाल म्हणाला होता.

"लग्नात ते तुला बोलावतात."

आता तीही त्याच्याबरोबर आली होती आणि बांधावर केळीच्या सावलीत बसून ऐकत होती.

"हाई मीच शे का?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"तुम्हीच, अक्का. कसा आलाय?"

"चांगला शे." त्यांनी फोन आणखी जवळ धरला. "पन तू माले फ्रेममा काबर टाकं?"

संघपालने वाकून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. फोटो घरात कसा दिसेल ते गिऱ्हाइकाला कळावं, म्हणून साइटवर प्रत्येक फोटो भिंतीवर टांगलेला दाखवला होता. त्यासाठी त्याने आपल्या स्टुडिओतलीच एक फ्रेम उचलली होती. काळी, सोनेरी काठाची, वरच्या दोन कोपऱ्यांत हार अडकवायला बारीक आकडे असलेली. गेलेल्या माणसांसाठी तालुक्यातली निम्मी घरं त्याच्याकडून हीच फ्रेम नेत. सवयीने हात तिच्यावरच गेला होता. महिनाभर रोज बघूनही ते दोघांच्या लक्षात आलं नाही, आणि बाईंना एका नजरेत दिसलं. प्राचीने कपाळावर हात मारून घेतला.

"त्यासना फोटो तूच करा व्हता," द्रौपदाबाई म्हणाल्या. "अशीच फ्रेम व्हती."

खरंच होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचे मालक, रुपचंद, गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. संघपालने कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून काढला, मागे निळं आभाळ टाकलं आणि अंगात कोट घातला. रुपचंदांनी जन्मात कोट घातला नव्हता. त्यांचा खरा शर्ट आत्ता समोर द्रौपदाबाईंच्या अंगावर होता.

"चुकलंच माझं, अक्का. फ्रेम आत्ता बदलतो."

"फ्रेम बदलशी. पन इकत लेनारा फोटो कोठे लावी?"

"भिंतीवर," संघपाल म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

"मंग?"

अनोळखी माणसाचा चेहरासुद्धा लोक हौसेने घरात लावतात, शहरात तशी पद्धत आहे, असं बरंच काही सांगता आलं असतं. पण ज्या बाईच्या घरात भिंतीवर एकच फोटो, आणि तोही हार घातलेला, तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने प्राचीकडे पाहिलं.

"बरं वाटत नसेल तर राहू द्या, अक्का," तो म्हणाला. "काढून टाकतो."

द्रौपदाबाई शर्टाची बाही चाचपत राहिल्या. बाहीवरचे डाग जुने होते, कितीही धुतले तरी न जाणारे.

"त्यासले तू कोट चढावा," त्या म्हणाल्या. "माले हाऊच शर्ट ऱ्हाऊ देशी?"

"हाच राहील."

"डागबी?"

"डागही. एकालाही हात लावत नाही."

"मंग ऱ्हाऊ दे." त्यांनी फोन परत दिला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि जाता जाता प्राचीपाशी थांबल्या. "पोरी, तू लिखस ना? मंग लेनाराले एवढं लिखी दे." त्यांनी वाकून काहीतरी सांगितलं. प्राचीने तिथेच बांधावर बसून ते टाइप केलं, आणि शुद्ध वगैरे काही करायच्या भानगडीत पडली नाही.

संध्याकाळी साइट सुरू झाली. पहिल्या पानावर द्रौपदाबाई होत्या, फ्रेमशिवाय, डागांसकट. खाली नाव, गाव, आकार. आणि त्याखाली, बाकी कुठल्याच फोटोला नव्हती अशी एक ओळ:

फोटोले हार घालू नका. बाई कामवर शे.