उरलेली मतं

कँटीनबाहेर मतदार नोंदणीच्या टेबलाशी नुसती चढाओढ लागली होती. रक्ताचा थेंब दिला, की यंत्र उरलेलं आयुष्य सांगायचं. जितकी वर्षं, तितकी मतं.

"माझी एकसष्ट! कॉमर्सवाल्यांनो, या समोर!" टेबलाशी नोंदी लिहिता लिहिता ओजस ओरडत होता. "मृण्मयीताई, तुम्हीही या. आपल्या आर्ट्सची इज्जत राखा!"

लग्नानंतर एम.ए.ला आलेल्या मृण्मयीने हसत बोट पुढे केलं.

यंत्रातून आलेली चिठ्ठी ओजसने दोनदा वाचली. "चार... ताई, यंत्र चुकलं असेल."

"आजवर कुणाचं चुकलंय?"

मृण्मयीची लेक दोन वर्षांची होती. चार वर्षांनी ती पहिलीत असेल. स्वतःची वेणी तरी घालता येईल का तिला?

"निवडणूक कधी आहे रे?"

"पुढच्या वर्षी."

"मग तोवर तीनच उरतील," ती म्हणाली. "तीन लिही."