नऊ वर्षांचा तांडेल

"शून्य म्हंजे शून्य," दयारामकाका म्हणाले. "मेलेला माणूस फक्त नाटकात उठतो, तोही टाळ्या घ्यायला."

विनेशने नवं नियमपुस्तक मिटलं नाही. त्यात पात्राचा जीव शून्यावर आला तरी तीनदा फासा टाकून वाचायची संधी होती. जुन्या पुस्तकात तशी सोय नव्हती. पात्राचा कागद तिथेच फाडायचा.

अलिबागेत वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. कल्पिता गोष्ट रचून सांगे, बाकीचे तिघे आपापलं पात्र चालवत. वार बसला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवी; आकडा मोठा पडला की बसला. कल्पिता पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिची बदली झाली होती आणि पुढच्या रविवारपासून खेळ विनेश सांगणार होता. नियमांचा निकाल म्हणून आजच लावायचा होता.

हेतल विनेशच्या बाजूची. वर्षभर जपलेलं पात्र एका फाशाने गेलं की आजकालचा माणूस पुन्हा येत नाही, असं तिने शांतपणे मांडलं.

"तुमची दोघांची मिळून चौदा गेली," काका म्हणाले. "माझा तांडेल नऊ वर्सं हाय. खोट नियमात हाय का तुमच्यात?"

एसटीच्या आगारातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे पात्र, गलबत हाकणारा हा तांडेल, बनवलं होतं. कागद विरला म्हणून तो चारदा नव्याने उतरवला होता. नवे नियम आले तर तो जगला याला अर्थ काय, असं त्यांचं म्हणणं होतं. मग आपण येणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

शेवटी तोड त्यांनीच काढली. आज जुन्या नियमांनी एक डाव खेळायचा. तांडेल मेला तर नवे नियम. विनेशने कल्पिताकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

पाण्यातल्या किल्ल्याच्या चोरदरवाजात तांडेल एकटा सापडला. समोर तीन पहारेकरी. काकांनी घाई केली नाही. आधी मशाल विझवली, भरतीची वेळ विचारून घेतली, दोघांना निसरड्या पायऱ्यांवर आणून लोळवलं. तेवढ्यात तांडेलाचा जीव एकावर आला. तिसऱ्याने भाला उचलला.

कल्पिताने पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला. सांगणाऱ्याने फासा झाकून टाकायचा, ही जुनीच रीत.

"हुकला," ती म्हणाली.

तांडेलाने पाण्यात उडी घेतली.

हेतलने हार मान्य केली. विनेशने पुस्तक पिशवीत घातलं. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की पुढच्या रविवारपासून एकच सुधारणा कर: तुझा फासा सगळ्यांसमोर टाक, आपल्यात लपवालपवी कशाला. विनेशला हो म्हणावं लागलं. काका चपला घालून जिना उतरले.

हेतलने पुठ्ठा बाजूला केला. फाशावर वीस होते.

"मॅडम, हे कितव्यांदा?"

"मोजायचं मी केव्हाच सोडलं," कल्पिता म्हणाली.

विनेश जिन्याकडे बघत होता. "तुम्ही गेल्यावर काकांना नियमातच कच्चा लिंबू करून ठेवू म्हटलं," तो म्हणाला, "तर तेच जिंकले."