जनीच्या बापाची गाडी

"ती पोस्ट आधी काढा, मॅडम. आणि त्या मुलीला उद्या परिपाठाला पुढे उभी करा. सगळ्या शाळेची माफी मागू दे."

मुख्याध्यापक दशरथ सरांनी आपला मोबाईल टेबलावरून अल्मास मॅडमकडे सरकवला. त्यावर नववी 'ब'चा ब्लॉग उघडा होता. त्याचं नाव 'पडवी'. मराठी शिकवणाऱ्या अल्मास मॅडमनी या ब्लॉगसाठी वर्षभर जीव टाकला होता. निबंध म्हटला की ज्या पोरांच्या पोटात गोळा यायचा, ती आता मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून कॉम्प्युटरच्या खोलीकडे पळायची. फिझानं नानीच्या भांडखोर कोंबडीवर लिहिलं होतं, कमलेशनं चौक गावच्या गॅरेजवर. आणि जनीनं आपल्या बापावर. जनीचं लिखाण तर मॅडम कर्जतच्या बाजारात भेटेल त्याला वाचून दाखवायच्या. त्यांच्या घरची माणसं त्याला कंटाळली होती.

'माझे बाबा माथेरानला गाडी चालवतात. गाडीला हॉर्न नाही. बाबा तोंडानेच साईड, साईड ओरडतात. चढाला गाडी हट्ट करते. उताराला ती बाबांच्या अंगावर येते. पाहुणे मागे बसून फोटो काढतात.'

एवढंच होतं. ते कुणीतरी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. माथेरानला मोटार न्यायला बंदी, हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बॅटरीच्या रिक्षाही तेव्हा आल्या नव्हत्या.

"नाक्याच्या पुढे मोटारसायकल सोडत नाहीत, आणि हिचा बाप तिथे गाडी चालवतो," दशरथ सर म्हणाले. "शाळेचं हसं झालं, मॅडम. वाडीवरची पोरं ही. थापा मारण्यात पहिला नंबर."

अल्मास मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाडीवरची पोरं! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. डोंगराच्या कुशीतल्या त्या वाडीवरून नववीपर्यंत पोचलेली जनी ही एकटीच मुलगी होती. याहून बारीकशा लाजेपायी दप्तर खुंटीला टांगून बसलेल्या पोरी मॅडमनी पाहिल्या होत्या. उद्या हिला सगळ्या शाळेपुढे खोटारडी ठरवलं, की परवा ही यायची नाही. मग तिच्या घरी शंभर खेपा घातल्या तरी उपयोग नाही.

"सर, मागच्या महिन्यात तुमच्या पुतण्यानं याच ब्लॉगवर चंद्रावर भात लावला," त्या म्हणाल्या. "चिखलणीसकट. तुम्ही त्याला पेन बक्षीस दिलंत. त्यानं लिहिली ती कल्पनाशक्ती, आणि हिनं लिहिली ती थाप?"

"चंद्राची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? तिथे तरी कुठे पाऊस पडतो?"

सरांनी फाईल उघडली, बंद केली. मॅडम आता थांबणाऱ्या नव्हत्या. बापाला एक गाडी असावी असं एका गरीब पोरीला वाटलं, तर त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं? किती सुंदर गाडी रंगवली होती तिनं! हॉर्नसुद्धा बापाच्या तोंडात. चढाला हट्ट करणारी, उताराला अंगावर येणारी, लाडावलेल्या वासरासारखी. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि ही माणसं त्यात नाका शोधत बसली होती.

"हे मुलांचं लिखाण आहे," त्या म्हणाल्या. "मी त्यात काना-मात्रेपलीकडे हात लावत नाही. कुणाला लावूही देणार नाही. पोस्ट निघणार नाही. जनी माफी मागणार नाही. आणि मागायला लावलीत, तर उद्या परिपाठाला तिच्या शेजारी मी उभी राहीन."

सरांनी शिपायाला हाक मारली आणि जनीला वर्गातून बोलावून घेतलं. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. चपला तिनं बाहेर काढून ठेवल्या होत्या.

"काय गं, कुठल्या कंपनीची गाडी आहे तुझ्या बापाची?" सरांनी विचारलं.

मॅडम उठून तिच्याजवळ गेल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नकोस, जनी. मनातलं लिहिणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तू कल्पना केलीस, छान केलीस."

"मी कल्पना नाय केली, मॅडम," जनी म्हणाली. "बा हातरिक्षावर हाय. सगळे तिला गाडीच म्हणतात."

मग सर खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता, पण हेका सुटला नव्हता.

"हातरिक्षा होय? मग तसं लिहायचं ना. चालवतात कशाला लिहिलंस? ती माणसं ओढतात."

"मी 'वडतो' असंच लिवलं होतं, सर," जनी म्हणाली. तिनं मॅडमकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. शिकवलेलं नीट ध्यानात आहे, एवढंच होतं. "मॅडमनी ते खोडलं. म्हणाल्या, जनी, गाडी जनावर ओढतं, माणूस चालवतो."