मंडळाच्या वासंतीबाई
बायकोच्या छातीत कळ आली, तशी महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या हिंदुरावांनी तिला रिक्षात घालून धायरीहून रुग्णालय गाठलं. खिडकीतला माणूस म्हणाला, “निवृत्तांची आरोग्य योजना बंद झालीय.” हिंदुरावांनी युनियनच्या निवृत्त मंडळाच्या अध्यक्षा वासंतीबाईंना फोन लावला. “बाई, हिला आत घेत न्हाईत.” वासंतीबाई कसबा पेठेतून काठी टेकत आल्या आणि खिडकीतल्या माणसाला म्हणाल्या, “अहो, योजना बंद नाही, कालच मुदत वाढलीय. त्यासाठीच आम्ही आयुक्तांच्या दारात बसलो होतो. तुमच्या साहेबांना विचारा, तोवर पेशंट आत घ्या!” त्याने फोन केला आणि स्ट्रेचर आत गेलं. दुपारी डॉक्टर म्हणाले, “धोका टळला.” चहाचा कप हातात धरलेल्या हिंदुरावांचे डोळे भरून आले. वासंतीबाईंनी कप काढून घेतला. “आता रडा खुशाल. मघाशी रडला असतात, तर तुम्हालाही दाखल करावं लागलं असतं.”