दोन विमानांमधलं अंतर

पहिली गोळी पहारेकऱ्याच्या मांडीत घुसली. दुसरीनं जिन्याची काच फुटली. तोवर प्रशिक्षण केंद्रातल्या सगळ्यांनी मिळेल ती खोली गाठून आतून कड्या घातल्या होत्या.

सगळे जिला ‘नकाशा’ म्हणत ती प्रशिक्षणार्थी मुलगी सरावखोलीत एकटीच अडकली. हवाई वाहतूक नियंत्रकांच्या निवड चाचणीत ती पहिली आली होती. पडद्यावरची विमानं एकदा दाखवून पडदा काळा केला, तरी कुठलं विमान किती उंचीवर आहे, कुठं वळेल, कुणाच्या वाटेत येईल, हे ती न चुकता सांगायची. मुख्य प्रशिक्षकांनीच तिला हे नाव ठेवलं होतं.

तिनं केंद्राच्या ग्रुपवर कॉल लावला.

“आवाजांवरून तो कुठाय ते मला कळतंय. मी सांगेन तेव्हाच हला. कुणी बोलू नका.”

“तो कुठाय गं?” कारकूनबाई कुजबुजल्या.

“वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. पहारेकरीकाकांना घ्या आणि मागच्या दारानं निघा.”

कारकूनबाई आणि त्यांच्या खोलीतल्या दोघींनी पहारेकऱ्याला ओढत नेलं. फरशीवर रक्ताचा लांबच लांब पट्टा उमटला. वर कुठल्याशा दारावर बंदुकीचा दस्ता आदळत होता.

“माझ्या बायकोला मारणारा कुठं लपलाय?” तो माणूस ओरडला.

कुणाबद्दल, ते सगळ्यांना कळलं. मुख्य प्रशिक्षक नियंत्रक असताना त्यांनी दोन विमानांना एकच उंची दिली होती. कुणीच वाचलं नव्हतं. चौकशीत ते सुटले. वर्गात ते ही हकिगत सांगत आणि शेवटी म्हणत, “माणूस म्हटला की चुकतोच.”

नकाशा एकेक खोली रिकामी करत गेली.

“थांबा, तो जिन्यात आलाय. आता पळा.”

गणिताचे शिक्षक बाहेर पडले न पडले तोच मागच्या भिंतीचे टवके उडाले. कानशिलातून रक्त वाहत होतं, तरी ते फाटकाबाहेर पोचले. ही पोरगी नसती तर आज आपली खैर नव्हती, असं त्यांनी बाहेर सगळ्यांना सांगितलं. पोलीस अजून वाटेतच होते.

आत आता मुख्य प्रशिक्षक तेवढे उरले होते, वरच्या मजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत.

“पोरी, तो कुठाय?”

“खाली, सर. तुमच्यापासून लांब. बाहेर पडा आणि डावीकडे वळा.”

“नक्की ना?”

“मी कधी चुकलेय का?”

ते भिंतीला धरून चालू लागले. त्यांचा श्वास तिला फोनवर ऐकू येत होता.

“बास. आता उजवीकडचं दार. पलीकडे बाहेरचा जिना आहे.”

“तुझे उपकार विसरणार नाही मी.”

तिनं तो फोन टेबलावर ठेवला आणि दुसरा तोंडाशी धरला.

“बाबा, तो दार उघडतोय.”